रक्ताची आठवण



गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. वहीचं मधलं पान काढून दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पत्र मावळातल्या एका आठवीतल्या मैत्रिणीचं. घर कामशेतच्या पलीकडे. "नाव छापू नका," असं तिनंच शेवटी बजावलंय, तेव्हा नाव गुलदस्त्यात!

तिचा मजकूर असा :

"काका, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात गोवर आला होता. आजी म्हणाली, एकदा होऊन गेला की झालं, गोवर जन्मात परत येत नाही. मग सर्दी दर पावसाळ्यात का येते? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शरीराला आठवण असते. पण आठवण तर डोक्यात असते ना? मला मोठेपणी हेच शोधून काढायचंय. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, असली कामं अमेरिकेत चालतात, आपल्याकडे नाही. बाबांचं खरं आहे का?"

पत्र वाचलं आणि ठरवलं, 'मोठेपणी कोण?' या आपल्या सदरात या खेपेला वैमानिक नाही, वकील नाही, क्रिकेटचा पंच नाही. या खेपेला विषाणूंशी आपलं शरीर कसं लढतं याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी. पण आधी शेवट वाचायचा नाही हं!

बेटावरचे म्हातारे

आधी आजीकडे वळू. गोवर परत येत नाही हे आजीचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे हे एका तरुण डॉक्टरनं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत. डेन्मार्कच्या राज्यातली. १८४६ साली तिथं गोवराची साथ आली. बेटांवर माणसं जेमतेम पावणेआठ हजार, त्यांतली सुमारे सहा हजार आजारी पडली! सरकारनं पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला तिकडं धाडलं. पानुम गावोगाव हिंडला. कोण आजारी पडलं, कधी पडलं, कोण वाचलं, सगळं वहीत लिहीत गेला.

लिहिता लिहिता त्याला एक गंमत दिसली. काही म्हातारे ठणठणीत होते. घरातली पोरंसोरं, सुना, मुलगे अंथरुणावर आणि आजोबा मात्र खुशाल! चौकशी केल्यावर कळलं, की या बेटांवर त्याआधी गोवर आला होता तो १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. ज्यांना तेव्हा लहानपणी गोवर झाला होता, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. आणि जे म्हातारे तेव्हा सुटले होते, ते या वेळी सापडले.

पानुमच्या काळी विषाणू ही गोष्टच कुणाला माहीत नव्हती. त्याच्याकडं होती वही, पेन्सिल आणि चिकाटी. तरी त्यानं सिद्ध केलं की शरीर ६५ वर्षं आठवण ठेवू शकतं. पुढं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी याहून मोठी आठवण शोधली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या, आता नव्वदी ओलांडलेल्या माणसांचं रक्त तपासलं. ९० वर्षं झाली, तरी त्या विषाणूला ओळखणारे पहारेकरी त्यांच्या रक्तात होते!

आठवण असते कुठे?

आता तुम्ही विचाराल, रक्ताला कुठं आलाय मेंदू?

असं बघा. विषाणू हा फार लबाड पाहुणा. त्याला स्वतःला ना खाता येतं ना वाढता येतं. आपल्या एखाद्या पेशीत शिरायचं आणि तिलाच झेरॉक्सचं यंत्र बनवून स्वतःच्या प्रती काढून घ्यायच्या, हा त्याचा धंदा. तो शिरला की शरीराची पहिली फळी धावते. ही फळी कुणालाही ओळखत नाही. दिसेल त्या परक्याला झोडपते. अंग तापतं, नाक गळतं, ते बरंचसं या झोडपाझोडपीमुळं.

मागाहून येते दुसरी फळी. यात पांढऱ्या पेशींच्या दोन जाती महत्त्वाच्या : बी पेशी आणि टी पेशी. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं एक प्रथिन. एक प्रतिपिंड एकाच आकाराला चिकटतं, कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते तसं. विषाणूच्या अंगाला प्रतिपिंडं चिकटली की त्याला पेशीत शिरता येत नाही. आणि जे विषाणू आधीच आत घुसलेत, त्यांच्यासकट ती पेशी मारून टाकायचं काम काही टी पेशी करतात.

पहिल्या वेळी ही किल्ली घडवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर आपण अंथरुणात. लढाई संपली की बहुतेक सैनिक मरून जातात. पण थोडे मागं राहतात. त्यांना स्मृती पेशी म्हणतात. काही हाडांच्या मगजात बसतात, काही गाठींमध्ये. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना? त्याच गाठी. तोच शत्रू परत आला, की या पेशी त्याला ओळखतात आणि आठवड्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. बाई म्हणाल्या ती आठवण हीच.

मग सर्दी? सर्दी हा एक शत्रूच नव्हे. सर्दी आणणारे विषाणू शेकड्यानं आहेत. नुसत्या ऱ्हायनो नावाच्या विषाणूचेच शंभराहून जास्त प्रकार. गेल्या पावसाळ्यातला चोर शरीरानं नीट लक्षात ठेवलेला असतो. या पावसाळ्यात त्याचा चुलतभाऊ येतो!

आणि आता आजीला एक हळूच सांगायचं. गोवर परत येत नाही हे खरं. पण "होऊन गेला तर बरंच" असं मात्र नाही. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. गोवरानं त्यांच्या इतर आजारांच्या जुन्या आठवणीच पुसून टाकल्या होत्या. कुणाची दहावा हिस्सा प्रतिपिंडं गेली, कुणाची निम्म्याहून जास्त. पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसं. लस मात्र आठवण देते आणि पाटी पुसत नाही. म्हणून धाकट्याची लस राहिली असेल तर आजीनंच त्याचा कान धरून दवाखान्यात न्यावं.

दिल्लीची कावीळ, पुण्याची प्रयोगशाळा

आता ही आठवण वाचणारी माणसं भेटूया. कामशेतहून लोकल पकडा. कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोड करत पुणे स्टेशनला उतरा. तिथून जवळच, डॉ. आंबेडकर रस्त्यावर एक संस्था आहे. १९५२ मध्ये ती 'विषाणू संशोधन केंद्र' म्हणून सुरू झाली. १९७८ पासून तिचं नाव राष्ट्रीय विषाणू संस्था. सगळे तिला एनआयव्ही म्हणतात. डॉ. खुर्शीद पावरी या तिच्या पहिल्या महिला संचालक.

या संस्थेतल्या एका शोधाची गोष्ट सांगतो. ती सुरू होते दिल्लीत.

१९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पात्रातला प्रवाह सरकला आणि शहराचं सांडपाणी जिथून पिण्याचं पाणी घेतात तिथं येऊन मिसळलं. काही आठवड्यांत दिल्लीत काविळीची लाट आली. १९५६ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २९,३०० माणसं पिवळी पडली! पाण्यातून पसरणारी म्हणजे ए प्रकारची कावीळ, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण एक गोष्ट खटकत होती. ही कावीळ मुलांपेक्षा तरुण माणसांना जास्त झाली होती. आणि गरोदर बायकांना तर फारच वाईट.

त्या वेळी नेमका विषाणू ओळखायची चाचणीच नव्हती. पण कुणीतरी शहाणपण केलं. काही रुग्णांचं रक्तजल जपून ठेवलं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ना, ते रक्तजल. डॉक्टर त्याला सिरम म्हणतात. प्रतिपिंडं असतात ती त्यातच. बाटलीवर चिठ्ठी लावायची, तारीख घालायची आणि थंडगार कपाटात ठेवून द्यायचं. बस्स!

आता थोडं डोकं चालवा. प्रतिपिंडांतही प्रकार असतात. आयजीएम नावाची आधी येतात आणि काही महिन्यांत जातात. आयजीजी नावाची मागून येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. भिंतीचा रंग ओला असेल तर आपण म्हणतो, आत्ताच दिलाय. वाळलेला असेल तर जुना. तसंच हे. आयजीएम सापडलं तर आजार ताजा. नुसतं आयजीजी सापडलं तर कधीतरी होऊन गेलेला.

१९८० मध्ये डॉ. पावरी, डॉ. श्रीनिवासन आणि त्यांचे पुण्यातले व अमेरिकेतले सहकारी यांनी दिल्लीच्या त्या जुन्या रक्तजलाची तपासणी प्रसिद्ध केली. ए काविळीचा ओला रंग सापडतो का? नाही. सगळा वाळलेला! म्हणजे या लोकांना ए कावीळ लहानपणीच होऊन गेली होती. ती त्यांना पुन्हा होणं शक्य नव्हतं. बी काविळीचा? तोही नाही. पंचवीस वर्षं सगळ्यांनी ज्याच्यावर आळ घेतला होता, तो निर्दोष सुटला. पण मग चोर कोण?

इथून पुढं धागा धरला डॉ. विद्या अरणकल्ले यांनी. एनआयव्हीतल्या या शास्त्रज्ञ. त्यांनी एक युक्ती वापरली. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात चोराला ओळखणारी प्रतिपिंडं असणारच. मग त्यांनाच पोलिसांच्या कुत्र्यासारखं मागावर सोडायचं! या प्रतिपिंडांच्या मदतीनं रुग्णांच्या विष्ठेत शोध घेतला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे बारीक कण दिसले. १९८८ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इकडं रशियात आणि अमेरिकेतही शोध चालूच होता. १९९० मध्ये या विषाणूची जनुकं हाती लागली. नाव पडलं हेपटायटिस ई. त्यामुळं रक्तातली ई ची आठवण वाचायची चाचणी तयार झाली.

आता काय करायचं हे तुम्हीच सांगा. बरोबर! कपाट उघडायचं. भारतातल्या १७ साथींतलं जपून ठेवलेलं रक्तजल डॉ. अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. १७ पैकी १६ साथींत ई विषाणूच्या खुणा निघाल्या. हे १९९४ साल. दिल्लीची साथही ई चीच होती, हे जवळजवळ चाळीस वर्षांनी ठरलं. आणि सतरावी साथ? तिच्यात ए नाही आणि ई पण नाही. काहीतरी तिसरंच असावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. शास्त्रात असं प्रामाणिकपणे लिहून ठेवणं फार मोलाचं असतं. पुढं कुणीतरी ते कपाट पुन्हा उघडेल.

यांनी पुण्यातल्या लोकांचं १९८२ मधलं आणि १९९२ मधलं रक्तजलही शेजारी ठेवून पाहिलं. ए ची आठवण मुलांच्या रक्तातच भरपूर. ई ची मात्र लहानांत थोडी आणि तरुणपणी वाढत जाणारी. दिल्लीत तरुणच का जास्त पिवळे पडले, त्याचं उत्तर इथं मिळालं.

हे सगळं करून मिळालं काय? हे मिळालं की पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांना पक्कं कळलं. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर पाचात एक आई दगावू शकते. २०११ मध्ये चीननं तिच्यावरची लस मंजूर केली. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तेव्हा पावसाळ्यात विहिरीचं, ओढ्याचं पाणी गढूळ झालं की ते उकळून प्यायचं, आणि घरात बाळ येणार असेल तर दोनदा आठवणीनं.

लोणावळ्याचे सहा आठवडे

चाळीस वर्षांची गोष्ट झाली. आता सहा आठवड्यांची ऐका. ही तर आपल्या मावळातलीच.

३० जानेवारी २०२० ला भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण नक्की झाला. रुग्ण केरळातला, तपासणी पुण्याच्या एनआयव्हीत. देशात तपासणीचे संच तेव्हा परदेशातून यायचे. महाग, आणि वेळेवर मिळतील याची खात्री नाही. पुण्याच्या मायलॅब नावाच्या कंपनीत संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या मिनल दाखवे-भोसले, विषाणुशास्त्रज्ञ. त्यांनी भारतीय संच बनवायचं काम फेब्रुवारीत अंगावर घेतलं. तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते. तब्येतीच्या तक्रारीमुळं त्या नुकत्याच रुग्णालयातून घरी आल्या होत्या. बरोबर दहा जणांची तुकडी.

नवं औषध असो की चाचणी, त्यात घाई करून चालत नाही. एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा एकच उत्तर यायला हवं. नाहीतर त्या चाचणीचा उपयोग काय? एरवी ज्याला तीन-चार महिने लागतात ते काम या तुकडीनं सहा आठवड्यांत केलं. १८ मार्चला संच एनआयव्हीकडं पारखायला गेला. त्याच संध्याकाळी मंजुरीचे कागद पाठवले आणि मिनलताई रुग्णालयात दाखल झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली! २३ मार्चला मंजुरी मिळाली. २४ मार्चच्या रात्री देशात टाळेबंदी जाहीर झाली.

परदेशी संचाला सहा-सात तास लागत, याला अडीच. खर्च ४,५०० रुपयांवरून १,२०० वर. आणि मायलॅबचा कारखाना होता कुठं? लोणावळ्याला, नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत. लोकं लोणावळ्याहून चिक्की घेऊन जातात. त्या वर्षी तिथून देशभर गेले ते तपासणीचे संच.

इथं एक बारकावा. ही चाचणी आरटी-पीसीआर. ती रक्ताची आठवण वाचत नाही, घशातला विषाणूच त्याच्या जनुकांवरून ओळखते. पण मे २०२१ मध्ये याच कंपनीच्या दुसऱ्या एका चाचणीला मान्यता मिळाली. घरच्या घरी करायची, २५० रुपयांची, पंधरा मिनिटांची. तुमच्यापैकी कुणी नाकात काडी फिरवून ती केलीही असेल. त्या कागदी पट्टीवर रेघ उमटते ती कशामुळं? तिथं प्रतिपिंडं चिकटवून ठेवलेली असतात. विषाणूचं प्रथिन आलं की ती त्याला धरतात आणि रंगाची रेघ दिसते. शरीरानं लढाईसाठी घडवलेली किल्ली माणसानं कागदावर आणून बसवली!

रक्ताची आठवणही त्या साथीत कामी आली. एनआयव्हीनं मे २०२० मध्ये 'कोविड कवच' नावाची प्रतिपिंडांची चाचणी तयार केली. अशा चाचण्यांसाठी एक प्लॅस्टिकची पाटी असते. आप्पेपात्र बघितलंय ना? तसंच, फक्त ९६ खळग्यांचं. खळग्यात थोडं रक्तजल टाकायचं. आठवण असेल तर रंग बदलतो. पुण्यात जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पाच प्रभागांतल्या १,६६४ जणांचं रक्त असं प्रतिपिंडांसाठी तपासलं गेलं. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात खूण निघाली. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला काही झालं होतं हे माहीतही नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांच्या रक्ताला होतं.

काहींना वाटेल, सहा आठवड्यांची गोष्ट भारी, चाळीस वर्षांची कंटाळवाणी. पण मला विचाराल तर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. सहा आठवड्यांत चाचणी झाली, कारण पीसीआरचं तंत्र १९८३ पासून घासूनपुसून तयार होतं. संच पारखायला पुण्यात ७० वर्षांच्या घरातली संस्था होती. विषाणू हाताळायला शिकलेली माणसं होती. विहीर आधी खणलेली असेल तरच आग लागल्यावर पाणी मिळतं.

मग व्हायचं कसं?

आता मुद्द्याचं. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची, जीवशास्त्र सोडायचं नाही. गणिताचाही कंटाळा करायचा नाही, कारण १,६६४ माणसांचं रक्त तपासल्यावर आकडेमोडही करायची असते. मग बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, काहीही चालेल. पुढं दोन वर्षं एम.एस्सी. विषाणुशास्त्राचा असा अभ्यासक्रम पुणे विद्यापीठ आणि एनआयव्ही मिळून चालवत आले आहेत. दुसरी वाट बारावीनंतर आयसर या संस्थेची प्रवेश परीक्षा देण्याची. पुण्यात पाषाणला ती आहे. तिथं पाच वर्षांचा सलग अभ्यास. तिसरी वाट डॉक्टर किंवा जनावरांचे डॉक्टर होऊन संशोधनाकडं येण्याची. रोगप्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. विनिता बाळ यांचं शिक्षण असंच आधी वैद्यकीचं.

त्यानंतर पीएच.डी. त्याला पाच वर्षं धरा. नेट नावाची परीक्षा देऊन संशोधनवृत्ती मिळवता येते. २०२३ पासून ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे दहावीनंतर बारा वर्षं. थापा मारत नाही, मोठा पल्ला आहे. बरोबरीच्या मैत्रिणी तोवर नोकरीला लागलेल्या असतील. कायमच्या जागा थोड्या असतात आणि त्यांना उमेदवार पुष्कळ. प्रयोग फसतात. महिनाभर राबून काढलेलं उत्तर चुकीचं निघतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ज्याला पटकन टाळ्या हव्यात त्यानं इकडं येऊ नये.

मराठी माध्यम आड येतं का? सुरुवातीला इंग्रजी पुस्तकं जड जातात हे खरं. शब्दकोश घेऊन बसावं लागतं. पण विषाणूला कुठं इंग्रजी येतं? नमुन्यावर तारीख न चुकता घालणं, दिसलं तेच लिहिणं आणि न कळलं तर "कळलं नाही" असं म्हणणं, हे कुठल्याही माध्यमात शिकता येतं. ज्याला हे जमतं तो या कामाला लायक.

बाबांसाठी

आणि आता आमच्या मैत्रिणीच्या बाबांना.

बाबा, नमस्कार. तुमचं म्हणणं चुकीच्या हेतूनं नाही, हे मला ठाऊक आहे. पोरगी बारा वर्षं शिकणार, मग नोकरी लागेल की नाही, हा घोर बापालाच असतो. शिक्षिका किंवा परिचारिका होण्यात काहीच कमीपणा नाही. मुलीला तेच आवडलं तर उत्तमच. पण "असली कामं आपल्याकडे नाहीत" एवढं मात्र तिला सांगू नका. तुमच्या घरापासून लोकलनं एकीकडं लोणावळा, एकीकडं पुणे. एका टोकाला सहा आठवड्यांत देशाचा पहिला मंजूर संच बनवून देणारा कारखाना आणि दुसऱ्या टोकाला चाळीस वर्षांपूर्वीचं कोडं सोडवणारी प्रयोगशाळा. दोन्ही कामांत पुढं होत्या त्या बायकाच. तुम्ही राहता ते बरोबर मधल्या स्टेशनावर! शास्त्रज्ञ व्हायचं की नाही ते ती दहावीनंतर ठरवील. तोवर तिला प्रश्न विचारू द्या.

आणि मैत्रिणी, तुला आणि सगळ्यांनाच या आठवड्याचा उद्योग. पानुमसारखी एक वही कर. आजी-आजोबा, आई-बाबा, शेजारचे चार म्हातारे यांना विचार : गोवर कधी झाला? कांजिण्या? कावीळ? आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे का तेही बघ. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, म्हणून तुमच्या दंडावर तो व्रण नाही. मग स्वतःचं लसीकरणाचं कार्ड शोध. कुठली लस कधी दिली ते वहीत उतरव. एखादा रकाना रिकामा दिसला तर तो आईला दाखव आणि दवाखान्यात विचारून घे.

घरात कुणाला आपला आजार आठवत नसेल तर तसंच लिही : "आठवत नाही." खोटं साल घालायचं नाही. वही पूर्ण झाली की मला कळव. सगळ्यात मजेदार वहीबद्दल याच पानावर लिहीन.

तोवर पाणी उकळून प्या आणि प्रश्न पाठवत राहा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमचा,
काका